डाव्या हाताची शिवण

३ नोव्हेंबर

सर्वदोषदर्शिनी, शुद्धलेखनाधीश्वरी ताईस,

एकोणीस वर्षांनी लिहिलेल्या पत्रात भावाने आरंभी बहिणीच्या प्रकृतीची चौकशी करावी, असा संकेत आहे. परंतु तो अधिकार मी स्वहस्ते गमावलेला असल्यामुळे प्रथम कोटाची प्रकृती कळवतो. बाबांचा कोट सुखरूप आहे. कॉलर काळवंडली आहे, चौथे पितळी बटण किंचित सैल आहे, अस्तरावरचा शाईचा क्रमांक पुसट होत चालला आहे. तथापि साठी उलटलेल्या युद्धनिवृत्त गृहस्थाच्या मानाने त्याला झोप उत्तम लागते.

तो एका रुंद, उथळ खणात उताणा निजलेला असतो. खांद्यांखाली मऊ कागदाच्या उशा, दोन्ही बाह्यांत कागदाच्याच सैल गुंडाळ्या. कोठेही घडी पडू नये एवढाच त्यामागचा हेतू. भांडारातला उजेड इतका मंद ठेवावा लागतो की आत शिरल्यावर पहिली काही मिनिटे आपण पाण्याखाली उभे आहोत असे वाटते, आणि खणांच्या रांगा तळाशी साचलेल्या गाळासारख्या दिसतात. रोज सकाळी मी त्याचा खण चार बोटे उघडतो, आत पाहतो, आणि लावून घेतो. नियमपुस्तिकेत या क्रियेला ‘निरीक्षण’ म्हणतात. बायको तिला ‘बाळ उठलं का बघणं’ म्हणते.

मी येथे, युद्धस्मृती संग्रहालयात, वस्त्र-जतन विभागाचा प्रमुख झालो आहे. विभागात माझ्याखेरीज एक आर्द्रतामापक यंत्र आहे. आम्हा दोघांत तेच अधिक संवेदनशील.

पत्रास कारण की, युद्धसमाप्तीचे स्मृतिवर्ष असल्याने पुढील महिन्यात मोठे प्रदर्शन भरते आहे आणि आपला कोट काचेत उभा राहणार आहे. फलक लिहिण्यासाठी एका इतिहासतज्ज्ञांना पाचारण केले आहे. कोणतीही वस्तू दाखवली की ते आधी वर्ष सांगतात आणि मग वस्तूकडे पाहतात. म्हणून कार्यालयात त्यांचे नाव ‘सनावळी’ असे पडले आहे. सनावळींनी कोट तपासला आणि डाव्या खिशाखालच्या शिवणीवर त्यांचे भिंग थबकले.

‘हे टाके उलट्या बाजूला कललेत,’ ते म्हणाले. ‘डाव्या हाताने घातलेत. तुमचे वडील डावखुरे होते का हो?’

‘नव्हते,’ मी म्हणालो.

‘मग उजवा हात जायबंदी झाला असणार. गोळी लागली, कोट फाटला, आणि पठ्ठ्याने खंदकात बसून डाव्या हाताने शिवला. बघा, केवढा प्रसंग आहे.’

संचालकबाईंनी कपाटातून कोटाचे नोंदपत्रक काढले. त्यावर एकोणीस वर्षांपूर्वीच्या माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे: ‘डाव्या खिशाखाली कापड फाटलेले. त्यावर शिवण. कर्ता: अज्ञात.’

‘घरात याबद्दल कधी काही बोलणं झालं होतं का?’ बाईंनी विचारले.

मी म्हणालो, ‘बाबा युद्धाबद्दल बोलत नसत.’

हे वाक्य, ताई, अक्षरशः सत्य आहे. माझी बहुतेक असत्ये अशीच निर्दोष असतात.

फलक छापायला जाण्यापूर्वी तुझ्या कानावर घालावे असे वाटले. कोट फाटला, शिवला गेला, आणि आता इतिहासजमा होत आहे. तुझी हरकत असल्यास कळव. नसल्यास, न कळवण्याची आपली परंपरा अबाधित आहेच.

तुझा,
वस्त्र-जतन विभाग (संपूर्ण)


११ नोव्हेंबर

मौनव्रतधारिणी ताईस,

उत्तर आले नाही. मी ते आले असे गृहीत धरून पुढे लिहितो. माझे आजवरचे सर्व संवाद याच पद्धतीने यशस्वी झाले आहेत.

आज दुपारी भांडारात, खण अर्धा उघडा असताना, खुर्चीतच माझा डोळा लागला. (कार्यालयीन भाषेत: दीर्घ निरीक्षण.) स्वप्नात कोट उठून बसला. आत कोणी नव्हते. बाह्या हवेने फुगलेल्या होत्या, आणि चालताना तो किनाऱ्यावरच्या लाटेसारखा मागे-पुढे होत होता. तो आपल्या जुन्या घराच्या तिन्ही खोल्यांतून हिंडला. मधल्या खोलीतल्या खुंटीपाशी थांबला, परंतु खुंटीवर आधीच काहीतरी टांगलेले होते. जवळ जाऊन पाहतो, तर सकाळचे धुके. मग तो आपल्या अंथरुणाशी आला आणि वाकला. अंथरुणात मीच होतो, छप्पन्न वर्षांचा, चष्म्यासकट. शेजारची जागा रिकामी. कोट थोडा वेळ घुटमळला, आणि मग अर्धाच पसरला.

जागा झालो तेव्हा यंत्राची सुई स्थिर होती. त्याने काही पाहिले नसावे.

तुला त्या पहाटा आठवतात का? आई गेल्यानंतरचे ते दोन हिवाळे. बाबा पंपघरात पहिल्या पाळीला जायचे. निघताना खुंटीवरचा कोट काढायचे, आपल्या दोघांवर पसरायचे आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर, हात काखेत घालून, रस्त्याला लागायचे. आपण झोपल्याचे सोंग करत असू, कारण जागे आहोत असे कळले तर ते कोट घालून जातील अशी तुला भीती होती. मला भीती नव्हती. मला फक्त ऊब हवी होती. आपल्यातला हा फरक तेव्हापासूनचा आहे.

आणि बाह्या. डावी तुझी, उजवी माझी. मनगटाशी तोंड लावून बोलायचे आणि दुसऱ्याने खांद्याशी कान लावून ऐकायचे. लोकरीतून आलेला आवाज कसा जाड आणि दूरचा वाटायचा. जणू तू शेजारी नसून एखाद्या बोगद्याच्या पलीकडच्या देशात राहतेस. नियम तुझा होता: बाहीतून खोटे बोलायचे नाही. बाहेर काय वाटेल ते बोलावे, बाहीत नाही. जगातल्या कोणत्याही संविधानाचे मी इतक्या काटेकोरपणे पालन केलेले नाही. बाहीत मी एकदाही खोटे बोललो नाही. हे लक्षात असू दे.

मग त्या वर्षी कोट फाटला. तू तो हिरव्या धाग्याने शिवलास, एका दुपारी, बाबा परतायच्या आत. बाबांना कळले. कोट ट्रंकेत गेला. महिन्याभराने तुला आत्याच्या गावी शाळेला पाठवण्यात आले. माणसे दूर गेली. कालौघात असे होते.

बाबा गेल्यावर तू आलीस तो दिवसही मला कधीकधी स्वप्नासारखाच वाटतो. तू चप्पलसुद्धा काढली नव्हतीस. म्हणालीस, ‘मला बाकी काही नको. कोट दे.’

मी म्हणालो, ‘तो संग्रहालयाला दिला. तो आता राष्ट्राचा आहे.’

‘राष्ट्राला दोन्ही बाह्या लागतात का रे? एक माझी होती.’

आणि गेलीस. त्या प्रश्नावर मी गेली एकोणीस वर्षे विचार करतो आहे. उत्तर सापडले की कळवीन.

तुझा,
उजव्या बाहीचा माजी वहिवाटदार


२२ नोव्हेंबर

परमपूज्य परीक्षक महोदया,

काल टपालात जाड पाकीट आले. वर तुझे अक्षर होते. उघडले, तर आत माझीच दोन्ही पत्रे.

लाल शाईने तपासलेली.

सदतीस वर्षे मुलांना भाषा शिकवून निवृत्त झालेल्या स्त्रीकडून दुसरी अपेक्षा ठेवणे हाच मूर्खपणा होता. ‘कालौघात’ या शब्दाखाली नागमोडी रेघ आणि समासात ‘कोणाचा?’. ‘पाठवण्यात आले’ याखाली दुसरी, ‘कोणी?’. मी लिहिलेल्या ‘हिरव्या’वर काट मारून वर स्वच्छ अक्षरात ‘निळ्या’. आणि दोन्ही पत्रांत जेथे जेथे ‘फाटला’ आले आहे, तेथे तेथे त्यातल्या ‘ट’भोवती एकेक लाल वर्तुळ. दुसरा एक शब्दही नाही. शेवटी गुण: दहापैकी तीन. अक्षरासाठी असावेत.

ती वर्तुळे मी बराच वेळ पाहत बसलो. मग भांडारात गेलो आणि प्रथम धाग्याचा निकाल लावला. आमच्या त्या पिवळसर मंद उजेडात निळा धागा हिरवा दिसतो, ही गोष्ट वीस वर्षे वस्त्रांची सेवा करणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवी होती. मी खण उत्तरेकडच्या खिडकीपाशी नेला, पडदा वीतभर सरकवला. निळा. तुझ्या गणवेशाच्या दुमडीतून उसवून काढलेला निळा. तू आत्याकडे जाईपर्यंत महिनाभर तुझ्या फ्रॉकची एक बाजू खाली लोंबत होती आणि शाळेत तुला त्यावरून बोलणी बसत होती, हेही त्या वीतभर उजेडात आठवले. मी ते विसरलो नव्हतो. मी ते मंद उजेडात ठेवले होते.

आता ‘ट’.

त्या दिवशी बाबा कामावर होते आणि तू शाळेत. मी खुंटीवरून कोट काढला. तो माझ्या घोट्यापर्यंत येत होता. पंपघरामागच्या मोकळ्या जागेत मी चार पोरांचा सेनापती झालो आणि शत्रूवर चाल करून गेलो. शत्रू म्हणजे पंपघराच्या पहारेकऱ्याचे बदक. आरंभी युद्ध आमच्या बाजूने चालले होते. परंतु बदकाने अनपेक्षितपणे मान खाली घातली, पंख पसरले आणि प्रतिहल्ला केला. सैन्य पांगले. सेनापती तारेच्या कुंपणावर चढले. अर्धे पलीकडे गेले असता काट्यात अडकले, आणि बदक जवळ येत असल्यामुळे कोट सोडवत बसण्याऐवजी त्यांनी तो ओढला.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. लोकर फाटताना फार मोठा आवाज करत नाही. झोपेत कोणी खोल श्वास घ्यावा तेवढाच.

सनावळींच्या फलकावर ज्याला गोळी म्हटले आहे ते बदक होते, ताई.

तू शाळेतून आलीस, खोंबारा पाहिलास, माझ्याकडे पाहिलेस, आणि काही न विचारता दप्तर ठेवून सुई शोधू लागलीस. एकतीस टाके. संध्याकाळी बाबांनी कोट हातात घेतला आणि त्यांचे बोट सरळ तेथे गेले.

‘कोट कोणी फाडला?’

‘कोट फाटला,’ मी म्हणालो.

‘कापड आपणहून फाटत नाही.’

मग त्यांनी टाक्यांचा कल पाहिला आणि तुझ्याकडे वळले. तू माझ्याकडे पाहिलेस. मी खुंटीकडे पाहिले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी कदाचित बोललो असतो. त्यांनी कोटाची घडी घातली, ट्रंक उघडली आणि बंद केली. दुसऱ्या दिवसापासून पहाटे थंडी वाजू लागली.

आणि तू आत्याकडे निघालीस ती सकाळ. बाबा गाडीची चौकशी करायला गेले होते. तू ट्रंक उघडून नुसती डावी बाही बाहेर ओढलीस, खांद्याकडची बाजू माझ्या हातात दिलीस आणि मनगटाशी वाकलीस. मला स्पष्ट ऐकू आले. ‘कोणी फाडला?’ मी कान काढून घेतला आणि म्हणालो, ‘ऐकू येत नाही.’ बाहीच्या बाहेर म्हणालो. नियम मोडला नाही.

तर दुरुस्ती अशी: जेथे जेथे ‘ट’ आहे, तेथे ‘ड’ वाचावा. कोट फाटला नाही. फाडला. मी फाडला.

हे लिहून झाल्यावर मोकळे वाटेल अशी माझी समजूत होती. परंतु येथे एक पेच आहे. आमच्या नियमपुस्तिकेचे कलम अकरा सांगते: ‘वस्तूच्या मूळ अवस्थेनंतर झालेली दुरुस्ती प्रदर्शनापूर्वी काढून टाकावी.’ खंदकातली शिवण राहील, घरातली जाईल. म्हणजे मी खरे सांगितले, तर तुझे एकतीस टाके चिमट्याने एकेक करून उसवायचे, आणि या विभागात चिमटा धरणारा दुसरा कोणी नाही. मी गप्प राहिलो, तर टाके जसेच्या तसे राहतील, परंतु बाबांच्या नावावर. खोट्याने तुझी शिवण वाचते आणि खऱ्याने ती मरते. ज्या मुलाने ती घालायला लावली त्यानेच ती उसवावी, एवढा काव्यात्म न्याय मला झेपणारा नाही.

फलक तीस तारखेला छापायला जातो. काय करू, सांग. तपासून पाठवलेस तरी चालेल.

तुझा,
बदकाकडून पराभूत सेनापती


३० नोव्हेंबर

ताई,

तुझे पाकीट परवा मिळाले. ‘मी फाडला’ याखाली रेघ नाही, वर्तुळ नाही. कडेला फक्त बरोबरची एक छोटी खूण. ती मी किती वेळा पाहिली हे सांगणार नाही. सनावळी मोजून वर्ष सांगतील.

आणि कलम अकराशेजारी तुझा शेरा: ‘प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये.’

मी नियमपुस्तिका पुन्हा काढली. माझ्या सबंध कारकिर्दीत मी ते कलम पहिल्या वाक्यापलीकडे वाचले नव्हते. पान उलटल्यावर दुसरे वाक्य आहे: ‘मात्र दुरुस्तीचा कर्ता, काळ व कारण ज्ञात असल्यास ती दुरुस्ती न मानता वस्तूचाच भाग मानून जतन करावी.’

कर्ता ज्ञात असल्यास. म्हणजे तुझ्या शिवणीला धोका माझ्या खऱ्याचा नव्हताच. तो एकोणीस वर्षांपूर्वी मी पत्रकावर लिहिलेल्या त्या दोन शब्दांचा होता.

काल सकाळी संचालकबाईंच्या खोलीत गेलो. सनावळी समोर फलकाचा मजकूर घेऊन बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितले. बसलो असतो तर विशेषणे सुचली असती. कुंपण, तार, शिवण, तू. बदकाचा उल्लेख मी ‘स्थानिक प्रतिकार’ असा केला.

सनावळींनी मजकुरातल्या एका ओळीवर बोट ठेवले. ‘म्हणजे खंदक नाही?’

‘कुंपण आहे.’

‘गोळी?’

‘नाही.’

‘मी चार पानं लिहिलीत हो त्या डाव्या हातावर,’ ते म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. घर बांधून झाल्यावर जागा दुसऱ्याची निघाली असे काहीसे होते. मला त्यांच्याविषयी प्रथमच आत्मीयता वाटली.

संचालकबाईंनी पत्रक माझ्यापुढे सरकवले. ‘हे अक्षर तुमचं?’

‘होय.’

‘तेव्हा ठाऊक होतं?’

‘होय.’

‘मग ‘अज्ञात’ का लिहिलंत?’

मी तोंड उघडले. खरे सांगतो, ताई, आत एक अतिशय सुंदर, प्रदीर्घ, समासप्रचुर वाक्य तयार होते. ते मी गिळले आणि म्हणालो, ‘लाज वाटली.’

त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘कारणे दाखवा नोटीस मिळेल तुम्हाला. उत्तर एवढंच लिहा. लांबवू नका.’ मग म्हणाल्या, ‘तुमच्या बहिणीला बोलवा. त्यांनी शिवण ओळखली, सहीनिशी सांगितलं, तर टाक्यांना कोणी हात लावणार नाही. फलक दोन आठवडे थांबवते. त्यापुढे नाही.’

विभागप्रमुखपदातील ‘प्रमुख’ काढून घेण्यात आले आहे. (संचालकबाईंनी काढून घेतले. कर्ता लिहीत जाण्याची सवय करतो आहे.) विभाग पूर्ववत, म्हणजे मी आणि यंत्र. यंत्राने माझ्याकडे पाहण्याची पद्धत बदललेली नाही.

तू यावेस म्हणून हे पत्र आहे. परंतु येण्याआधी आणखी एक गोष्ट तुला कळायला हवी. नाहीतर तू अर्ध्याच गोष्टीसाठी येशील.

बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यात, एका दुपारी, त्यांनी कोट मागितला. मी ट्रंकेतून काढून त्यांच्यावर पसरला. खिडकीतून फिकट ऊन येत होते आणि त्यात लोकरीचे तंतू तरंगत होते. इतके सावकाश की वेळ पुढे जातो आहे की मागे, कळू नये. त्यांचा हात कोटावरून फिरत फिरत शिवणीपाशी आला. बोट एकेका टाक्यावरून चालू लागले. शेवटी म्हणाले, ‘एकतीस. डावरीची शिवण आहे. अजून धरून आहे बघ.’

त्यांनी तुला त्या नावाने हाक मारल्याला किती वर्षे झाली होती, हे मी मोजले नाही.

‘फाडला कोणी ते मला तेव्हाच कळलं होतं,’ ते म्हणाले. ‘तुझ्या चड्डीला तारेचा गंज लागला होता.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू बोलशील म्हणून थांबलो. मग राहूनच गेलं.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘तिला शाळेसाठी पाठवलं होतं. इथे सातवीपुढे शाळाच नव्हती. कोटासाठी नाही पाठवलं. तिला तसं वाटलं असेल. सांग तिला.’

मी ‘सांगतो’ म्हणालो. अकरा दिवसांनी ते गेले. आणि मी तुला न कळवता, आठवड्याच्या आत, कोट संग्रहालयाच्या स्वाधीन केला. राष्ट्रासाठी नव्हे. घरात तो असता तर तू आली असतीस, तुझे बोट त्याच जागी गेले असते, आणि मला सांगावे लागले असते: निरोप, आणि निरोप का थांबला तेही. म्हणून मी तो अशा जागी ठेवला जेथे त्याला कोणी हात लावू शकत नाही.

हा निरोप एकोणीस वर्षे माझ्याकडे होता. तो तुझा होता. जसाच्या तसा देतो आहे.

येशील का? न आलीस तरी ‘ड’ तसाच राहील.

धाकटा


१२ डिसेंबर

ताई,

हे पत्र टपालात पडणार नाही. तू या क्षणी पलीकडच्या दालनात बाकावर बसली आहेस, सनावळी तुला शेजारच्या तलवारीचे वर्ष सांगत आहेत, आणि तू त्यांचे व्याकरण सुधारत असल्याचे येथपर्यंत ऐकू येते. तेवढ्या वेळात सकाळचे घडलेले लिहून ठेवतो. कारण ते घडले की मला खुर्चीत पुन्हा डोळा लागला होता, याविषयी उद्या मला शंका येईल.

तू दारातून आलीस तेव्हा मी ओळखले नाही. केस पांढरे झालेली एक ठेंगणी बाई छत्री मिटत उभी होती. मग छत्री डाव्या हातात आहे हे दिसले.

‘जाडा झालास,’ तू म्हणालीस.

मी स्वागतपर चार वाक्ये पाठ केली होती. त्यांतले एकही आठवले नाही.

भांडारात तुला सुती हातमोजे दिले. तू त्या मंद उजेडात काही वेळ डोळे मिचकावत राहिलीस आणि म्हणालीस, ‘इथे काय मासे पाळता का?’ मी खण पूर्ण उघडला. संचालकबाई मागे उभ्या होत्या, हातात निवेदनाचा कागद. तू खणावर वाकून कोटाकडे पाहिलेस. मला वाटले, आता भिंती विरघळतील आणि खुंटी दिसू लागेल.

‘वाईट आलीय शिवण,’ तू म्हणालीस. ‘कोपऱ्यात चुणी पडलीय बघ. उसवून पुन्हा घालू का?’

‘नाही, नको,’ संचालकबाई घाईने म्हणाल्या. ‘आहे तशीच हवीय आम्हाला.’

‘बारा वर्षांची होते मी,’ तू त्यांना सांगितलेस, जणू तोंडी परीक्षेत एखाद्या मुलीची बाजू घ्यावी. मग निवेदनावर सही केलीस. सही करण्याआधी त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्यास. बाई कागद घेऊन बाहेर गेल्या आणि दार लावून घेतले. त्यांनी ते मुद्दाम केले असे मी मानतो.

बाबांच्या निरोपाबद्दल तू काही बोलली नाहीस. फक्त हातमोज्यातले तुझे बोट टाक्यांवरून चालत गेले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि परत आले.

मग तू माझ्याकडे न पाहता डाव्या बाहीतली कागदाची गुंडाळी काढून बाजूला ठेवलीस आणि मनगटाशी वाकलीस.

येथे मी नियमानुसार हस्तक्षेप करणे आवश्यक होते. उच्छ्वासातील आर्द्रता लोकरीस अपायकारक असते. मी स्वतः अभ्यागतांना हे दिवसातून सहा वेळा सांगतो. त्याऐवजी मी चष्मा काढला आणि खांद्याशी कान लावला.

आवाज तसाच आहे, ताई. जाड, लोकरी, बोगद्याच्या पलीकडचा. माझा गुडघा दुखत होता, बाहेर कोणीतरी शिडी ओढत होते, आणि त्या सगळ्याच्या पलीकडून बारा वर्षांची एक मुलगी विचारत होती:

‘कोणी फाडला?’

मी कान काढला नाही. नंतर तोंड त्याच जागी नेले आणि बाहीत म्हणालो, ‘मी फाडला.’

तू मनगटाशी कान धरून होतीस. काही क्षण मला वाटले, पोचलेच नाही.

‘आलं ऐकू,’ तू म्हणालीस. बाहीतून.

फलक आज दुपारी छापायला गेला. सनावळींनी त्यात वर्षांच्या हिशेबाची भर घातली. त्यांना तेवढे तरी हवे होते. मजकूर असा: ‘सैनिकाचा कोट. डाव्या खिशाखाली मुलाने फाडला, युद्धानंतर बारा वर्षांनी. मुलीने त्याच दुपारी शिवला, वय बारा, डाव्या हाताने, आपल्या गणवेशातील निळ्या धाग्याने.’ तू त्यात काही सुधारले नाहीस.

हे पत्र घडी करून मी आता डाव्या बाहीत, कागदाच्या गुंडाळीमागे ठेवतो आहे. बाही तुझी आहे. हवे तेव्हा काढून घे. तपासलेस तरी चालेल.

तेवढी आजची नोंद करतो आणि येतो. यंत्राने आपले काम चोख बजावले आहे. नोंदवहीत लिहितो: ‘सकाळी अकरा. खण क्रमांक चार. आर्द्रतेत दोन टक्क्यांची वाढ. कर्ता: ज्ञात.’